टोपीशिवाय सलाम नाही

पंडितजी पहिल्यांदा इकडे आले त्या आठवड्यातच त्यांनी आमच्या इमारतीतल्या सगळ्यांचे बूट पॉलिश करून ठेवले. स्टुटगार्टला आम्ही राहतो तिथे लोक बूट दाराबाहेर जिन्यातच काढून ठेवतात. सकाळी ऑफिसला निघताना पाहते तर माझे बूट चकाकत होते, नवऱ्याचे चकाकत होते आणि समोरच्या बाईंचे मऊ, लव असलेल्या चामड्याचे महागडे बूटसुद्धा चकाकत होते. त्या चामड्याला पॉलिश लावायचं नसतं. बाई एक बूट हातात धरून "आल्झो...", म्हणजे 'तर...', एवढंच म्हणाल्या आणि थांबल्या. पुढचं वाक्य त्यांना त्यांच्याच भाषेत सापडेना.

तिसऱ्या मजल्यावरून पंडितजींची सून धावत खाली आली. "अहो बाबा, लोकांच्या वस्तूंना हात नाही लावायचा इथे!"

"वस्तू कुठल्या सूनबाई, बूट आहेत," पंडितजी म्हणाले. "घाण बूट घातला की माणूस दिवसभर घाण चालतो."

ते प्रकरण मी निस्तरलं. बूट दुरुस्त करणाऱ्याचा पत्ता, फुलं, चार ओळींची चिठ्ठी. ऑफिसात मी प्रकल्पांची वेळापत्रकं सांभाळते आणि घरी फ्रिजवर याद्या लावते, त्यामुळे इमारतीतल्या मराठी घरांचं असलं सगळं माझ्याकडेच येतं. त्या दिवशी 'लक्ष ठेवायचं' या रकान्यात मी पंडितजींना टाकलं. लक्ष ठेवण्यासारखा माणूस होता हे खरंच, पण बुटांमुळे नव्हे, हे कळायला मला वेळ लागला.

ते साताऱ्याकडचे. सैन्यात पायदळाच्या एका पलटणीचे धर्मगुरू होते. पलटणीच्या देवळाची पूजा, जवानांची पत्रं, रुसवेफुगवे, आणि कुणी गेला की त्याचा अखेरचा संस्कार. पलटणीत सगळ्या धर्मांचे लोक. मौलवी सुट्टीवर असले की पंडितजी उभे राहायचे आणि पंडितजी सुट्टीवर असले की मौलवी. "सुट्टी पुजाऱ्याला असते, मरणाऱ्याला नसते," असं ते म्हणत. बायको वारल्यावर मुलानं त्यांना इकडे बोलावलं. व्हिसाच्या नियमानं तीन महिने इथे आणि तीन महिने गावी अशी त्यांची ये-जा सुरू झाली. ठेंगणे, रुंद, मशीन फिरवलेले पांढरे केस, कपाळाला गंधाची बारीक उभी रेघ. जर्मन फक्त दोन शब्द: 'जा' आणि 'गेनाऊ', म्हणजे 'हो' आणि 'अगदी बरोबर'. या दोन शब्दांवर ते बेकरीपासून पोस्टापर्यंत सगळीकडे फिरून येत. बेकरीवाली बाई त्यांना रोज हवामानावर काहीतरी सांगायची आणि तिचा समज असा होता की तिचं म्हणणं पूर्ण पटणारं इमारतीत एकच माणूस आहे.

आमच्याकडे 'केरवोख' नावाची एक पद्धत आहे. आठवड्यागणिक एका घरावर जिना, तळघर आणि समोरचा फुटपाथ झाडण्याची पाळी येते; ज्याची पाळी त्याच्या दारावर लाकडी पाटी लटकते. नव्या माणसाला ही पाटी म्हणजे शिक्षा वाटते. पंडितजींना ती बढती वाटली. पाटी नसतानाही ते सगळ्यांचा जिना झाडू लागले. त्यावर तळमजल्यावरच्या आजोबांनी त्यांना अडवलं.

हे आजोबा म्हणजे इमारतीचा कायदा. वय नव्वदीच्या जवळ, आयुष्यभर गिअर बनवण्याच्या कारखान्यात, आता एकटे. कठड्यावरून बोट फिरवून धूळ बघायचे आणि ते बोट त्या घरच्या माणसाला दाखवायचे. मला बऱ्याचदा दाखवलं होतं. पंडितजींच्या हातातला झाडू धरून ते म्हणाले, "तुमची पाळी नाही."

मी भाषांतर केलं. पंडितजी म्हणाले, "जा, गेनाऊ," आणि झाडत राहिले. आजोबांनी कठड्यावरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं. त्यांनी ते बराच वेळ बघितलं, मग आत जाऊन दोन कप कॉफी घेऊन आले. त्यानंतर ते दोघं रोज सकाळी तळमजल्याच्या पायरीवर बसलेले असायचे. एक इथल्या श्वाबिश बोलीत बोलायचा, एक सातारीत, आणि दोघांचंही व्यवस्थित चालायचं. पुढे आजोबांचे हात थरथरू लागले तेव्हा पंडितजी त्यांची दाढी करू लागले. रोज, वस्तऱ्यानं. आजोबांची मुलगी रेगेन्सबर्गला असते, साठीला टेकलेली बाई. सुट्टीत आली तर वडिलांच्या गळ्याशी वस्तरा धरलेला अनोळखी माणूस बघून तिनं किंकाळी फोडली. आजोबा हलले नाहीत, फक्त म्हणाले, "गप्प, कापेल तो."

आमच्या टेकडीवर मोठी दफनभूमी आहे. या चढउताराच्या गावात सपाट रस्ते आणि बाकं तिथेच, म्हणून पंडितजी सकाळी तिथे फिरायला जात. एकदा त्यांना दिसलं की एक कामगार अस्थिकलश घेऊन चाललाय, त्याच्यामागे काळ्या झग्यात एक उंच पाद्रीबाई, आणि तिच्यामागे कुणीच नाही. पंडितजी मागे जाऊन पावलात पाऊल मिळवून चालू लागले. संस्कार आटोपल्यावर बाईनं इंग्रजीत विचारलं, तुम्ही यांना ओळखत होतात का?

"नो मॅडम. यू आर अलोन, आय ॲम फ्री."

ज्यांना कुणी नातेवाईक नाहीत त्यांचा संस्कार इथे गावाच्या खर्चानं होतो. पण निदान चार माणसं तरी मागे असावीत म्हणून त्या पाद्रीबाईनं स्वयंसेवक जमवले होते. पंडितजी त्यांच्यात गेले. ते सैन्यातले धर्मगुरू हे कळल्यावर बाईनं वेगळंच काम काढलं. मरणाऱ्यांमध्ये कधी कधी जुने सैनिक निघत. सैन्य सोडून कित्येक वर्षं झालेली, मागे अर्ज करणारं कुणी नाही, त्यामुळे मानवंदना नाही. यांच्यासाठी काही करता येईल का? तिनं माझा नंबर घेतला, कारण पंडितजींना फोन उचलायला आवडायचं नाही. ("फोनवर माणूस दिसत नाही. न दिसणाऱ्याशी मी फक्त पूजेत बोलतो.") अशा रीतीनं माझ्या फ्रिजवर अंत्यसंस्कारांची यादी आली.

मी पहिल्यांदा गेले ती त्यांना तिथे पोचवायला, अर्ध्या तासात परत येऊ या हिशोबानं. कलश एका अमेरिकन सैनिकाचा होता. इथल्या तळावर स्वयंपाकी म्हणून आलेला, इथेच लग्न केलेला, बायको गेल्यावर एकटा उरलेला. पंडितजी नेव्ही ब्लू ब्लेझर, छातीवर पदकं आणि डोक्यावर पलटणीची टोपी अशा थाटात उभे होते. प्रार्थनागृहात एका म्हाताऱ्या जर्मन स्वयंसेवकानं त्यांना टोपी काढायची खूण केली. पंडितजींनी मान हलवली नाही. त्यानं परत खूण केली. मग पंडितजी माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, यांना सांगा, टोपीशिवाय सलाम होत नाही. आमच्यात उघड्या डोक्याचा माणूस नुसता ताठ उभा राहतो. मला सलाम करायचाय."

मी सांगितलं. त्या गृहस्थानं थोडा विचार केला आणि स्वतः दोन पावलं मागे सरकला.

प्रार्थना झाली. ती पंडितजींनीही म्हटली, जर्मनमध्ये. सुनेकडून देवनागरीत लिहून घेऊन पाठ केली होती आणि चाल मात्र आपल्या स्तोत्राची होती. ख्रिस्ताची प्रार्थना अनुष्टुभाच्या ठेक्यात ऐकून पाद्रीबाईचे ओठ थरथरले, हसण्यानं की कशानं ते कळलं नाही. मग ते खड्ड्यासमोर गेले, टाचा जुळवल्या, आणि त्या शांत टेकडीवर असा आवाज उठला की झाडांवरचे कावळे उडाले. त्यांनी स्वयंपाक्याचं नाव पुकारलं, त्याचं अमेरिकेतलं गाव पुकारलं, आणि मग: "जवान, ड्यूटी समाप्त!" आणि सलाम. सत्तरीतल्या माणसाचा हात कपाळाशी असा थांबला की जणू तो तिथेच घडवला होता.

मी वेळापत्रकं करणारी बाई. मला कुठल्याही गोष्टीत पुढे काय ते दिसत असतं. त्या वेळी पुढचं काहीच दिसलं नाही. त्या दिवशी मी ऑफिसात उशिरा पोचले.

त्यानंतर मी जमेल तेव्हा जायचे. एकदा एक जर्मन सैनिक होता, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सैन्यातला, आयुष्यभर कोठारात काम केलेला. कुणीतरी मागे कुजबुजलं, "यानं फक्त ब्लँकेटं मोजली." मी ते पंडितजींना सांगितलं, तसे ते गरकन वळले. "आणि ब्लँकेटं न मोजता पलटण झोपते का? विचारा त्याला!" त्या दिवशीचा सलाम मला नेहमीपेक्षा लांबल्यासारखा वाटला.

पण काही संस्कारांना ते साध्या स्वेटरमध्ये येत. पदकं नाहीत, टोपी नाही. प्रार्थना तीच, तितक्याच मनापासून. कलशामागे चालणंही तसंच. फक्त नाव पुकारायचे नाहीत आणि सलाम नाही. हे सगळे त्या मोठ्या युद्धातले म्हातारे असायचे.

यामागे माझी मुलगी होती. शाळेच्या सहलीत ती एका छळछावणीचं स्मारक बघून आली आणि रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पंडितजी साखर मागायला आले तेव्हा अर्धं जर्मन, अर्धं मोडकं मराठी करत तिनं त्यांना सगळं सांगितलं. साखरेची वाटी हातात धरून ते उभेच राहिले. त्यांचे वडील त्याच युद्धात इटलीत लढले होते, एका कानानं बहिरे होऊन परत आले होते. "बाबा म्हणायचे, समोरचा जर्मन चांगला लढला," ते म्हणाले. "आम्हाला एवढंच माहीत. लढाई म्हणजे लढाई. पण पोरी, ही तर नुसती लढाई नव्हती."

दोन दिवस ते फिरायला गेले नाहीत. मग मला जिन्यात गाठून म्हणाले, "निरोप सगळ्यांना देणार. तो माझा धर्म आहे, त्यात निवड नाही. सलाम मात्र माहीत असलेल्यालाच. त्या युद्धातला कुणी काय करून आला हे मला ठाऊक नाही, आणि आता त्याला विचारता येत नाही."

"सगळेच काही तसे नसणार, पंडितजी."

"नसणार. म्हणून तर वाईट वाटतं."

हे टोपीचं तळमजल्यावरच्या आजोबांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. नियम हा त्यांचा विषय. एका संध्याकाळी त्यांनी मला थांबवलं. "हा कधी टोपी घालून जातो, कधी तसाच जातो. पावसाचा संबंध नाही, मी बघितलंय. काय पद्धत आहे?"

मी सांगितली. आजोबांनी कठड्यावर हात ठेवला, पण बोट फिरवलं नाही. आत निघून गेले.

त्या हिवाळ्यात त्यांचं हृदय थकत चाललं होतं. डॉक्टर आता फक्त गोळ्या बदलत होते. एका सकाळी दाढी चालू असताना त्यांनी मला हाक मारून आत बोलावलं आणि म्हणाले, "याला विचार. माझ्या वेळी टोपीसह की टोपीशिवाय?"

मी विचारलं. पंडितजींचा वस्तरा थांबला. त्यांनी तो टॉवेलला पुसला.

"त्यांना सांगा, तुम्ही त्या युद्धात होतात हे मला माहीत आहे. काय केलंत ते माहीत नाही. मी विचारणार नाही. आणि माहीत नसताना टोपी घालणार नाही."

हे जर्मनमध्ये बोलायला मला फार जड गेलं. आजोबा अर्धा चेहरा साबणाच्या फेसात असताना म्हणाले, "जा," म्हणजे 'हो', आणि मान वर करून दुसरा गाल पुढे केला.

आजोबांच्या मुलीला हे कळलं तेव्हा तिनं रेगेन्सबर्गहून मला फोन केला. ती रडत होती. "माझे बाबा तेव्हा अठरा वर्षांचे होते हो. ते त्या तुमच्या पंडितजींची वाट बघत सकाळी सहापासून खुर्चीत बसतात. इतर सगळे येतात, छान छान बोलतात, जातात. बाबांना फक्त या एका माणसाचं मत हवंय. त्यांना सांगा ना एकदा टोपी घालायला. एक टोपी!"

मला ते पटलं. मी उपाय काढणारी माणूस. मी पंडितजींना बाकावर गाठलं. "पंडितजी, ते तुमचे मित्र आहेत. मरायला टेकलेत. टोपी घातल्यानं काय जातं?"

"काहीच जात नाही ताई," ते म्हणाले. "काहीच जात नसेल तर त्यांना ती कशाला हवीये?"

मी बाकावर त्यांच्या शेजारी बसले. मग ते जरा खालच्या आवाजात बोलले. "रोज त्यांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवतो मी. मला काय त्यांच्यावर राग आहे? मला घालायचीये टोपी. खोटी घालता येत नाही एवढंच."

मग एका रविवारी दुपारी आजोबांनी आम्हा दोघांना खाली बोलावलं. मुलगी आली होती. तिनं केक कापून ठेवला होता, त्याला कुणी हात लावला नाही. आजोबा मला म्हणाले, "मी हळू बोलतो. तू काही गाळू नकोस."

इटलीतलं डोंगरातलं एक गाव. गावाचं नाव त्यांनी घेतलं. मी ते इथे लिहीत नाही, तिथे अजून लोक राहतात. त्यांच्या तुकडीनं गाव वेढलं होतं. यांना पुलाकडच्या वाटेवर उभं केलं होतं, कुणाला बाहेर सोडायचं नाही म्हणून. पहाटे एक माणूस वाटेनं वर आला. शिंपी असावा, छातीशी शिलाईयंत्र धरलं होतं, गळ्यात मोजपट्टी तशीच होती. तो काही बोलला नाही, फक्त थांबला आणि यांच्याकडे बघितलं. आसपास दुसरं कुणी नव्हतं. सोडला असता तर कुणालाही कळलं नसतं.

"मी बंदुकीनं गावाकडे खूण केली," आजोबा म्हणाले. "तो वळला आणि परत गेला. यंत्र जड होतं, तो हळूहळू गेला. दुपारपर्यंत त्या गावात कुणी उरलं नाही. मी त्या दिवशी एकही गोळी झाडली नाही. हे मी स्वतःला आयुष्यभर सांगत आलो. एकही गोळी नाही."

मी काही गाळलं नाही. मुलगी टेबलाच्या कडेकडे बघत होती. ती हे पहिल्यांदाच ऐकत होती.

"युद्धानंतर सगळ्यांनी मला माफ करून टाकलं," आजोबा म्हणाले. "बायकोनं, पाद्र्यानं, कारखान्यानं. कुणी विचारलंच नाही काय केलं ते. न विचारताच माफ. हा पहिला माणूस, ज्यानं नाही म्हटलं."

पंडितजींनी गावाचं नाव परत विचारलं. आजोबांनी सांगितलं. पंडितजींनी ते स्वतः उच्चारून बघितलं, चुकलं, आजोबांनी दुरुस्त केलं. पुन्हा उच्चारलं, पुन्हा दुरुस्त केलं, नीट जमेपर्यंत. मग विचारलं, "त्याचं नाव?"

"माहीत नाही."

पंडितजींनी थंड झालेली कॉफी संपवली आणि उठले. दाराशी आजोबांनी विचारलं, "मग? टोपी?"

"बघतो," पंडितजी म्हणाले. "उद्या दाढीला येतो नेहमीसारखा."

आणि ते आले. पुढेही रोज येत राहिले. त्या विषयावर दोघंही परत बोलले नाहीत. आजोबा फेब्रुवारीत गेले, सकाळी, दाढी झाल्यावर खुर्चीतच. पंडितजी शेजारी वस्तरा धूत होते.

इथे दहनानंतर कलश जमिनीत ठेवायला आठवडेच्या आठवडे लागतात आणि पंडितजींचा व्हिसा संपत आला होता. मी दफनभूमीच्या सरकारी खात्यात इतके फोन केले की तिथली बाई माझा आवाज ऐकूनच सुस्कारा सोडायची. शेवटी तारीख मिळाली, पंडितजींच्या विमानाच्या दोन दिवस आधीची. मुलीनं मला विचारलं नाही आणि मी पंडितजींना विचारलं नाही. विचारून काही होणार नव्हतं.

त्या सकाळी ते जिन्यातून खाली उतरले तेव्हा अंगात ब्लेझर होता, पदकं होती, आणि टोपी बगलेत धरलेली. मुलीनं माझा दंड असा धरला की वळ उठला.

पाद्रीबाईनं आपलं केलं. मग पंडितजी पुढे झाले. उघड्या डोक्यानंच त्यांनी ती प्रार्थना म्हटली, त्यांच्या त्या चालीत, डोळे मिटून. शेवटी शेवटी त्यांचा आवाज फुटला. इतक्या संस्कारांत मी तो फुटलेला कधी ऐकला नव्हता. त्यांनी वाकून कलशाला हात लावला, जसा रोज गालाला लावत असत, दाढी नीट झाली का ते बघायला.

मग ते बाजूला सरकले. खड्ड्याच्या डावीकडे, जिथे नुसतं ओलं गवत होतं. तिथे उभे राहून त्यांनी टोपी घातली, दोन्ही हातांनी सरळ केली आणि टाचा जुळवल्या. गवताकडे बघत त्यांनी पुकारलं:

"नाम मालूम नहीं! पेशा दर्जी!" आणि त्या गावाचं नाव, एकही अक्षर न चुकता. "रास्ता खुला है. जाइए!"

आणि सलाम.

वाऱ्याचा आवाज येत होता. पाद्रीबाई माझ्याकडे बघत होती, मुलगी बघत होती. मी जर्मनमध्ये सांगितलं: वाट मोकळी आहे, जा. मुलीच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं. पंडितजींनी हात खाली घेतला तेव्हा ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आणि माझे बाबा?" तिनं विचारलं. "त्यांच्यासाठी काही नाही?"

मी भाषांतर केलं. पंडितजींनी टोपी काढली. "ताई, त्यांना नीट सांगा," ते मला म्हणाले. "तो शिंपी मला कुठे माहीत होता? कुणालाच माहीत नव्हता. यांच्या वडिलांनी त्याला परत पाठवला होता. आणि मरण्याआधी त्यांनीच त्याला इथपर्यंत आणून सोडला, स्वतःच्या जागेवर. मला सलाम करता यावा म्हणून. हे सोपं नसतं. मी सैन्यात एवढी माणसं बघितली, हे कुणी केलेलं बघितलं नाही."

मी सांगितलं. माझं जर्मन कामापुरतं आहे, व्याकरणाच्या चुका झाल्या असतील. ती रडली नाही. मग ती वळून खड्ड्यापाशी गेली. तिथे मातीची पेटी आणि छोटं फावडं ठेवलेलं असतं, प्रत्येकानं थोडी माती टाकायची अशी रीत आहे. तिनं फावडं घेतलं नाही. हातानंच मूठभर माती उचलून वडिलांवर टाकली. मग खाली वाकून आणखी एक मूठ घेतली, आणि ती डावीकडच्या गवतावर टाकली.